पाहणाऱ्यांची यादी

दाराबाहेर काढलेली निळी चप्पल. रक्ताच्या नळ्यांचा ट्रे. चिटोऱ्यावर लिहिलेला पासवर्ड. "बाई, गुडघे सांभाळा!" फडताळाएवढ्या खोलीत अखंड गार वारा.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी एका रुग्णालयाच्या तळघरातला जुना सर्व्हर आहे. दिसायला एकच लोखंडी खोका, पण माझ्या पोटात सहा आभासी, म्हणजे नुसत्या प्रोग्रामनं उभे केलेले, संगणक नांदतात. एक औषधांचा साठा सांभाळतो, एक रक्ताचे अहवाल. एका छपराखाली राहूनही प्रत्येकाला वाटतं, आपली चूल वेगळी.

माझी देखभाल तात्या करतात. निळी चप्पल दाराबाहेर काढून आत आल्याबरोबर पाठीवर हात ठेवून ताप बघतात, आईनं लेकराचा बघावा तसा. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या बाई. अहवाल अडकला, की आपला संगणक बंद पडलाय की नुसता दमलाय, हे त्यांना कळायचंच नाही. मग चार जिने उतरून धापा टाकत यायच्या.

"तात्या, आहे का हो जिवंत?"

"तो आहे. तुम्ही आधी बसा!"

एकदा लेकीच्या बाळंतपणासाठी तात्यांना गावी जायचं होतं. त्यांनी स्वतःचा पासवर्ड चिटोऱ्यावर लिहून बाईंना दिला. चूक झाली ती इथेच. बाईंना हवं होतं नुसतं बघायला, हाती आल्या सगळ्या घराच्या किल्ल्या. दुसऱ्याच दिवशी, अडकलेला आपलाच समजून, पुन्हा सुरू करायला म्हणून त्यांनी औषधांचा संगणक बंद केला. औषधांच्या खिडकीपुढे तासभर रांग खोळंबली.

तात्या परतले तेव्हा मोठे डॉक्टर माझ्यासमोरच बाईंवर कडाडत होते. बाई रडवेल्या झाल्या होत्या. तात्या मध्ये उभे राहिले.

"साहेब, चूक माझी. यांना घर दाखवायचं होतं, मी हातात कुदळ दिली."

"बास! यापुढे कुणीही आत डोकावायचं नाही."

झालं, पुन्हा जिने. त्यातच एकदा अहवालांचा संगणक थांबला आणि कुणाला पत्ताच लागला नाही. एक लहान मुलगी शस्त्रक्रियेआधी तीन तास उपाशीपोटी ताटकळली. त्या संध्याकाळी तात्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. काय बोलणं झालं ते त्यांनीच मला सांगितलं. ते माझ्याशी बोलतात.

"बाईंना नुसतं बघू द्या. हात लावता येणार नाही, अशी सोय करतो."

"आणि पुन्हा काही बंद पडलं तर?"

"तर मी घरी बसतो."

तात्यांनी माझ्यात एक नवी यादी केली: 'पाहणारे'. तिच्यातल्या माणसाला अहवालांचा एकच संगणक दिसणार. तो चालू आहे का, किती दमलाय, जागा किती उरलीय, एवढंच. चालू-बंद करायचं बटण त्याच्यापुढे येणारच नाही. त्या यादीत बाईंचं नाव गेलं.

पहिला आठवडा तात्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी फोन खणाणला.

"अहो तात्या, याचं पोट फुटायला आलंय! जागा भराभर संपतेय, आणि दुपारी सहा शस्त्रक्रिया आहेत."

तात्यांनी जुन्या नोंदी दुसरीकडे हलवल्या, जागा मोकळी केली. दुपारी एकही अहवाल अडकला नाही. मोठे डॉक्टर स्वतः तळघरात आले. माझ्याकडे बघत घसा खाकरून म्हणाले, "मलाही घाला त्या यादीत."

"घालतो की. पण साहेब, बटण मिळणार नाही हं!"

मित्रांनो, आता माझे पंखे घरघरतात. माझ्यावरची धूळ झटकत जा, खोली गार ठेवत जा. आणि ज्याचं काम माझ्यावाचून अडतं, त्याला मला बघू द्या. बाईंनी मला बोटही न लावता सहा माणसांची दुपार वाचवली.

बाईंचं नाव घालण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी स्वतःसाठी एक साधं खातं काढून त्या यादीत घातलं होतं, आणि त्यातून माझा एकेक संगणक बंद करायचे सतरा प्रयत्न केले होते. एकही जमला नव्हता.