पहिला घोट जमिनीचा

जिन्याच्या लँडिंगवरच्या स्मोक अलार्मनं एकदाच ‘चीं’ केलं आणि घर पुन्हा गप्प झालं.

बॅटरी संपत आली की तो असा ओरडतो. आठवडाभर ओरडत होता. परीक्षित म्हणाला होता, “मी आणतो बॅटरी.” त्याची बायको पूर्वी म्हणाली होती, “राहू दे, मीच आणते.” मग दोघंही विसरले, आणि आता त्या आवाजाचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. ती तर सकाळी किचनमध्ये एकटी बसून त्याची वाट बघायची. चीं झालं की कळायचं, आपल्याला ऐकू येतंय अजून.

मार्चमधला रविवार होता. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या त्या नव्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी आणि सगळ्यांचे पडदे अजून बंद. ओट्यावर गोळ्यांची पट्टी पडली होती, वारांची नावं छापलेली. बुधवारची गोळी तशीच होती. गुरुवारची, शुक्रवारची, शनिवारचीही. पूर्वीनं पट्टी उचलली आणि चहाच्या डब्यामागे सरकवली. गोळ्या थांबल्यापासून डोकं वळवलं की आत कुठेतरी वीज चमकल्यासारखं व्हायचं. तेही तिला बरंच वाटत होतं. निदान काहीतरी होत होतं.

झालं होतं असं की नोव्हेंबरात तिच्या पोटातलं बाळ गेलं. पाचवा महिना चालू होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, इतक्यात कुणाला सांगू नका, म्हणून बाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि जे सांगितलंच नव्हतं ते गेलं म्हणून तरी कसं सांगणार? घरात मात्र पाच वर्षांच्या सान्वीला माहीत होतं. ती रोज शाळेतून आली की आईच्या पोटाला तोंड लावून दिवसभराची हकिकत सांगायची.

पूर्वीला रडू आलं नाही. हॉस्पिटलात आलं नाही, घरी आलं नाही. ती उठायची, डबा भरायची, सान्वीच्या शाळेतल्या नाटकात जिथे टाळ्या वाजवायच्या तिथे वाजवायची. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं की सुरी थांबवून बघायची, हे तेच का? ते नसायचं. पुढे जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, त्यानं झोप परत आली. रडू मात्र आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात गोळ्यांचा काही दोष नव्हता. ती आधीपासूनच अशी होती.

अशात देवयानीचा फोन आला होता. देवयानी म्हणजे लंडनजवळच्या पिनरच्या मराठी बायकांची कंट्रोल रूम. “रविवारी माझ्याकडे ये. कोको सेरेमनी आहे. वरदा घेते, वॉटफर्डची. अगं, बायका ढसाढसा रडतात म्हणे! नंतर एकदम हलकं वाटतं.”

पूर्वीनं तेवढं एकच ऐकलं. रडतात. मग तिनं त्या कोकोच्या विधीबद्दल फोनवर वाचून काढलं, आणि एका ठिकाणी लिहिलं होतं की अमुक प्रकारच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, मोठा डोस मिळणार नाही. तिला मोठाच हवा होता. म्हणून बुधवारी तिनं गोळी घेतली नाही. ना डॉक्टरला विचारलं, ना नवऱ्याला.

“जा तू निवांत,” परीक्षित दारात म्हणाला. हल्ली तो तिच्याशी क्लायंटशी बोलावं तसं जपून बोलायचा. “मी आहे सान्वीजवळ. एम-ट्वेंटी-फाइव्ह हायवेला काम चालू आहे, सावकाश चालव.”

देवयानीच्या कॉन्झर्व्हेटरीत, घरामागच्या काचेच्या खोलीत, खुर्च्या हलवून सतरंजी अंथरली होती. मधोमध मेणबत्ती, फुलं, कुंडीतली मूठभर माती. बाजूला वरदा मांडी घालून कोकोचा काळपट ठोकळा सुरीनं बारीक तासत होती. वरदा फिजिओथेरपिस्ट. जन्म वॉटफर्डचा, मराठी घरात ऐकून शिकलेली. ग्वाटेमालात कोको पिकवणाऱ्या एका कुटुंबाकडे ती दरवर्षी जाऊन राहायची. हे सगळं तिला तिथल्या मार्सेला नावाच्या आजींनी शिकवलं होतं.

सुप्रभाकाकू वरदासमोर स्टीलचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांची चाळीस वर्षं पिनरमध्ये गेली. कुठल्याही कार्यक्रमाचं पातेलं त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय उतरायचं नाही.

“वरदा, चाखलं मी ते. कडूजहर आहे गं. थोडी पिठीसाखर नि वेलची टाकते, कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“काकू, सॉरी, नको.” वरदा हसली. “हा असाच प्यायचा. डेझर्ट नाही ना तो.”

“मग काय आहे?”

“औषध. पण खोकला झाला म्हणून घेतात, तसा औषध नाही. आपण कुणाच्या घरी भेटायला जातो ना, तसं जायचं त्याच्याकडे. विचारून.”

“म्हणजे औषधाचीही अपॉइंटमेंट!” काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “जीपीची मिळत नाही, इथली तरी मिळाली म्हणायची. बरं, फेस तरी मला काढू दे.” आणि त्यांनी एका भांड्यातून दुसऱ्यात, हातभर उंचीवरून, एक थेंब न सांडता धार धरली.

वरदा बघतच राहिली. “तिथे पण असंच करतात, काकू. सेम.”

“करणारच. बायका आहेत ना तिथेही.”

फोन टोपलीत ठेवायला लावले तेव्हा देवयानीनं तोंड वाकडं केलं. तिला एक तरी फोटो हवा होता. वाण म्हणून वाटायला आणलेल्या चॉकलेटच्या डब्या वरदानं आधीच आत ठेवायला लावल्या होत्या, त्याचाही थोडा राग होता. तब्येतीचे प्रश्न मात्र वरदानं तिच्यावर सोपवले होते. प्रत्येकीला आधीच फोन करून, खाजगीत विचार म्हणून सांगितलं होतं. एवढे फोन करण्यापेक्षा एकदाच ओरडणं देवयानीला सोपं वाटलं.

“चला बायांनो, हेल्थ अँड सेफ्टी! कुणाला हार्टचं काही? बीपी? कुणी अँटीडिप्रेसंट्स वगैरे? कुणी प्रेग्नंट? प्रेग्नंट असाल तर आधी पेढे ठेवा समोर!”

हशा पिकला.

“पूर्वी, तुझाच नंबर आहे हं आता. सान्वी पाचची झाली की गं! किती अंतर ठेवणार?”

पूर्वी हसली. हसायला काही लागत नव्हतं, ओठ आपोआप सरकायचे. हात कुणीच वर केला नाही. कोण करणार? दिवाळीच्या कार्यक्रमात, लग्नाकार्यात, पुढची कित्येक वर्षं एकमेकींची तोंडं बघायची असतात. वरदानं मात्र मान वर करून देवयानीकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, एकेकीकडे.

सुरुवातीला ती म्हणाली, “ही माझी परंपरा नाही. मार्सेलाआजीनं मला दिली, तिचं नाव घेऊन सुरू करायचं या अटीवर. मी नाव घेते.” तिनं नाव घेतलं. मग पेल्यातला पहिला घोट कुंडीतल्या मातीला दिला. “पहिला घोट जमिनीचा. आणि जे आपल्यात नाहीत त्यांचा.”

नंतर ती प्रत्येकीसमोर गुडघ्यांवर बसायची, पेला पुढे धरायची आणि विचारायची, “घेणार?” उत्तर येईपर्यंत थांबायची. काकू म्हणाल्या, “आण की.” देवयानी म्हणाली, “येस, येस.”

पूर्वीसमोर पेला आला तेव्हा तिचा हात आपोआप पुढे झाला, उजवा वर, डावा खाली, तीर्थ घेताना होतो तसा. समोर आलेलं तीर्थ तिनं जन्मात नाकारलं नव्हतं.

“घेणार?”

हो म्हणायचं होतं. त्याच्यासाठीच तर ती एवढ्या लांब गाडी चालवत आली होती. वरदा थांबली. पेल्यातून वाफ येत होती. वरदा थांबूनच राहिली, आणि तिच्या थांबण्यात घाई म्हणून नव्हती. चार महिन्यांत पूर्वीच्या उत्तरासाठी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.

“मी बुधवारपासून गोळ्या बंद केल्यात,” पूर्वी म्हणाली. बसची वेळ सांगावी तशा आवाजात.

“कुठल्या?”

तिनं नाव सांगितलं.

“का बंद?”

“हे घेता यावं म्हणून.”

“डॉक्टरला विचारून?”

पूर्वीनं नकारार्थी मान हलवली. वरदानं पेला थोडा मागे घेतला, आणि पूर्वीचा हात त्याच्यामागे गेला.

“द्या ना. माझं बाळ गेलं नोव्हेंबरात. मला रडू येत नाहीये. मला बाकी काही नको, फक्त रडायचंय. एक कप द्या.”

देवयानीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“आज नाही देता येणार,” वरदा हळू म्हणाली. “त्या गोळ्यापण औषधच आहेत, ताई. तुम्ही एका औषधाला न सांगता सोडलं आणि दुसऱ्याकडे आलात. मी दिला तर तो मान नाही झाला, ना त्याचा ना तुमचा. शरीराला त्रास होईल, ते वेगळंच. आणि हा रडवायचं मशीन नाही. तुम्हाला कुणी चुकीचा सांगितला.”

“मग मी काय करू?”

“धरा फक्त. नाही प्यायलं तरी चालतं.”

तिनं पेला पूर्वीच्या दोन्ही हातांत दिला आणि वरून स्वतःचे हात क्षणभर दाबून धरले. मग पुढच्या बाईकडे सरकली.

पूर्वी पेला धरून बसली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. इतकं सगळं चारचौघींत बोलून झालं, आता तरी आत कुठेतरी फुटेल. नाही फुटलं. हातांना ऊब लागत होती, ती मनगटापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सतरंजीवर मोर होते. एका मोराला एकच पाय विणला होता. ती त्या मोराकडे बघत राहिली.

रडल्या दुसऱ्याच. काकू आवाज न करता रडल्या, चष्मा काढून, पदरानं पुसत. आणि देवयानी तर नियम, मेणबत्ती सगळं विसरून गुडघ्यांवर सरपटत आली. “अगं मूर्ख, सांगायचं नाही का गं? मी मेलीनं पेढे काय... माझ्या जिभेला काही हाड!” ती पूर्वीच्या खांद्यावर कोसळली आणि हुंदके देऊ लागली. पूर्वीनं पेला सांभाळून खाली ठेवला आणि तिची पाठ थोपटत राहिली. “असू दे,” ती म्हणाली. “असू दे, देवयानी. तुला काय माहीत.”

निघताना वरदानं तिचा पेला जॅमच्या रिकाम्या बरणीत ओतून दिला. “हा तुमच्या नावानं भरलेला होता, परत पातेल्यात नाही टाकायचा. प्यायचा नाही. घरी जमिनीला द्या. आणि आज, आत्ता, घरी सांगायचं गोळ्यांचं. प्रॉमिस?”

“हो.”

“गोळ्यांचं नीट झालं, डॉक्टर हो म्हणाले की या. मी थोडाच देईन. पण या.”

काकूंनी वेलचीचा डबाच तिच्या हातात कोंबला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन तिनं कोटही न काढता परीक्षितला सांगितलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. रागावला नाही. थोडा वेळ तळवे चेहऱ्यावर धरले, मग उठून फोन स्पीकरवर लावून एक-एक-एक या आरोग्य हेल्पलाइनला विचारलं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, त्रास वाढला तर लगेच कळवा, आजची गोळी घ्या, एकदम जास्त घेऊन भरपाई करू नका, उद्या सकाळी जीपीशी बोला. पूर्वीनं त्याच्यासमोर रविवारची गोळी घेतली.

“मला का नाही सांगितलंस?” परीक्षितनं विचारलं.

“तू रडलास का?” तिनं विचारलं. “नोव्हेंबरात?”

“गाडीत,” तो म्हणाला. “ऑफिसच्या कार पार्कात. रोज.”

तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला. तेवढंच जमलं.

मग ती बरणी घेऊन मागच्या बागेत गेली. बाग म्हणजे कुंपणालगतचा मातीचा पट्टा, त्यात गेल्या वर्षीचा लॅव्हेंडर वाळून काडी झालेला. ऊन होतं, पण पातळ. मागून गमबूट चटचट वाजवत सान्वी आली, स्वेटर उलटा घातलेला.

“आई, व्हॉट्स दॅट? चॉकलेट आहे?”

“कोको आहे.”

पूर्वी झाकण उघडते तोवर सान्वीचं बोट आत जाऊन तोंडात गेलंही. तिचा चेहरा गोळा झाला. “शी! यक्क! हे चॉकलेट नाही, हे कडू आहे!”

“हं. कडूच असतं.”

“मग कुणासाठी आहे?”

पूर्वी उकिडवी बसली. मातीवर हात फिरवून तिनं वाळक्या काड्या बाजूला केल्या. “बाळासाठी,” ती म्हणाली. हा शब्द या घरात नोव्हेंबरानंतर कुणी उच्चारला नव्हता. “जे आपल्यात नाहीत ना, त्यांना पहिला घोट द्यायचा असतो.”

सान्वीनं त्यावर विचार केला. मग तीही शेजारी उकिडवी बसली आणि बरणीला खालून हात लावला. दोघींनी मिळून बरणी कलती केली. दाट काळपट धार मातीवर पडली, क्षणभर तशीच थांबली आणि मग हळूहळू आत उतरायला लागली. सान्वी वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघत होती.

पूर्वी वाट बघत होती. काही होतंय का. बोटांना गार माती लागत होती, लेकीच्या केसांना शाम्पूचा वास येत होता, आणि ते सगळं काचेपलीकडून दिसावं तसं दिसत होतं, पण दिसत होतं.

शेवटचा थेंब आत गेला. सान्वीनं मान वर केली. तिच्या नाकाला माती लागली होती.

“आई,” तिनं विचारलं, “बाळाला कडू आवडायचं का?”