रॅट्झलाफांच्या शेतात काय लागलं

कॅन्ससच्या माळावर रॅट्झलाफांची विहीर होती, पण पाणी असं खारट की घोडेसुद्धा तोंड फिरवायचे. हुल्डा लग्न होऊन आली तेव्हापासून, एकोणीस वर्षं, तीन मैलांवरच्या झऱ्यातून गाडीवर पिंपं भरून आणत होती.

१९२६ साली तेल शोधणारी टोळी शेतात उतरली. लाकडी मनोरा उभा राहिला, दिवसरात्र ठोकाठोक सुरू झाली. हुल्डाचा नवरा अब्राम तर तेलाच्या पैशातून घ्यायच्या मोटारीचा रंगसुद्धा ठरवून बसला. टोळीचा मुकादम क्लेम पर्डी हा आडदांड, पण मनाने लोण्यासारखा.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, जमिनीत खोल ठोकलेल्या नळातून घुरघुर आली आणि तीस फूट उंच धार उसळली. गड्यांनी टोप्या उडवल्या. मग धार अंगावर पडली. स्वच्छ, नितळ पाणी!

क्लेम डोकं धरून फळीवर बसला. "माफ करा बाई. आमची विहीर कोरडी निघाली."

"कोरडी? डोळे फुटले का रे तुझे? मग हे काय पडतंय?"

"तेल नाही लागलं की आम्ही कोरडीच म्हणतो."

हुल्डा ओंजळभर पाणी प्यायली. गोड! ती हसायला लागली, ती थांबेचना.

"पण नळ उपटून भोक बुजवावं लागेल," क्लेम हळूच म्हणाला. "कंपनीचा नियम आहे."

"हात तर लावून बघ!"

तिने खुर्ची आणली, धारेजवळ टाकली आणि मांडीवर मटारचं टोपलं घेऊन भिजत बसली. क्लेम गावात जाऊन साहेबांना फोन करून आला.

"काय म्हणाला तुझा साहेब?"

"सगळं सांगितलं त्यांना. खुर्चीचंसुद्धा. म्हणाले, राहू दे तो नळ. त्या बाईला उठवायला मी काही येत नाही."

रविवारी प्रार्थना आटोपून अख्खा पंचक्रोशीतला गोतावळा पिंपं घेऊन आला. कुणी पेटी वाजवायला लागलं. तोंड पाडून बसलेला अब्रामही शेवटी फावडं घेऊन उठला आणि चर खणायला लागला. मोटारीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. बटाटे, कलिंगडं, काय काय लावायचं तेच बडबडत होता.

तेलाच्या टोळीतली माणसं कपड्यांनिशी चरात लोळत होती.

"या की बाई!" क्लेम ओरडला.

"वय काय माझं!" म्हणत हुल्डाने बूट काढले, घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि धाडकन आत उतरली.