मास्तरांची रेघ

गल्लीत ‘मास्तर’ म्हटलं की शाळेतले मास्तर कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसत. येत ते शर्टांचे मास्तर. वय ऐंशीच्या पुढे, पाठीला बाक, गळ्यात टेप, खिशात खडू. रस्त्याकडच्या खोलीत ते कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले की जाणारायेणारा थांबून म्हणे, “मास्तर, ह्या वयात काय हात आहे हो!” मास्तर मान डोलवत. मागे मशीनवर वाकून टीप मारणारी त्यांची थोरली लेक काही न बोलता हसे. बोलून करणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुठीत काय झाकलं होतं ते सांगायला हवं. मास्तरांचं डोकं गेली काही वर्षं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलं होतं. थोरलीला ते तोंडपाठ होतं, पण नावानं का कुठे दुखणं हलतं? सकाळी हातात दात घासायचा ब्रश दिला की मास्तर विचारत, ह्याचं काय करू. आंघोळीला नेलं की पाण्याला घाबरून तिच्याच अंगावर तांब्या ओतत. दार उघडं दिसलं की चपला न घालता चालू लागत, आणि मग थोरली शिवण टाकून गल्लीभर पळे. शिवाय दिवसभर एकच प्रश्न, “तुझी आई दिसत नाही कुठे?” सुरुवातीला तिनं खरं सांगून पाहिलं. दर वेळी ते मास्तरांना नव्यानं कळे आणि दर वेळी ते नव्यानं रडत. मग ती म्हणू लागली, “बाजारात गेलीय, येईल.” देवाघरी गेलेल्या आईला दिवसातून दहादा बाजारात पाठवण्याचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं.

कात्री मात्र हात विसरला नव्हता. रेघ समोर असली की मास्तर अजून तिच्यावरून सुताइतकेही हलत नसत. घोटाळा होता तो रेघ मारण्यात. शर्टाची पाठ कापताना कापडाची दुहेरी घडी घालतात, म्हणून रेघ मारताना रुंदी निम्मी धरायची असते. मास्तर निम्मी धरत, धरली हे विसरत आणि निम्म्याचंही निम्मं करत. थोरलीनं ह्यावर तोड काढली होती. त्यांनी रेघ मारली की ती म्हणे, “बाबा, आधी चहा घ्या बरं आत जाऊन.” ते आतल्या खोलीत चहा पीत तोवर ती त्यांची रेघ पुसून तिथे आपली मारी. मास्तर परत येऊन तिच्या रेघेवरून कापत. गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश. थोरलीचं काय, तिला विचारतंय कोण!

विचारणारा एक भाऊ होता, धाकटा. तो दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत होता आणि दर रविवारी फोनवर उंटावरून शेळ्या हाकत असे. “ताई, त्यांना बदाम दे. ताई, रोज फिरायला ने. ताई, शब्दकोडी सोडवायला दे.” थोरली हो हो म्हणे. मग ती फोन मास्तरांच्या कानाला लावी आणि दुसऱ्या कानाशी कुजबुजे, “नातीची परीक्षा झाली, विचारा.” मास्तर खणखणीत आवाजात विचारत, “काय रे छोट्या, परीक्षा कशी गेली तिची?” छोट्याच्या डोक्यावर आता मोजता यावेत इतकेच केस उरले होते, पण त्याला गहिवरून येई. “ताई, बाबांना सगळं आठवतंय की! तू उगाच काळजी करतेस.”

मग एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या थोरलीला डुलकी लागली. पाय चालूच राहिला आणि सुई नखातून आरपार गेली. तिची किंकाळी ऐकून मास्तर धावत आले, रक्त पाहून लहान मुलासारखे थरथरायला लागले आणि म्हणाले, “तुझ्या आईला हाक मार!” थोरलीनं एका हातानं सुई सोडवली आणि दुसऱ्या हातानं बापाला थोपटलं. संध्याकाळी बोटाला चिंधी गुंडाळून तिनं धाकट्याला फोन केला. “दोन महिने ने त्यांना तुझ्याकडे. मला दुसरं काही नको, मला झोपायचंय.” इतकी वर्षं तिनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. धाकटा गडबडला. “येतो मी. येऊन बघतो, मग ठरवू,” म्हणाला. ‘बघतो’ तिला टोचलं, पण येतोय हेच काय कमी होतं?

तो आला शनिवारी. थोरलीनं सकाळी सवयीनं मास्तरांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, बटणं लावली, कवळी बसवली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. धाकटा दारात दिसताच ती पुटपुटली, “छोट्या आलाय.” मास्तर हात पसरून म्हणाले, “ये रे छोट्या! पोट सुटलं की तुझं!” धाकटा हसत हसत पाया पडला. जेवताना मास्तरांचा हात ताटाबाहेर गेला की ताट थोरली सरकवी. वाक्य अडलं की पुढचा शब्द तिच्या तोंडून येई. ते उठून भलत्या दाराकडे निघाले की ती सहज उठून त्यांना वळवी. हे ती मुद्दाम करत नव्हती. तिच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

दुपारी धाकट्यानं पिशवीतून शर्टाचं कापड काढलं. निळसर, तलम, बघताक्षणी हात लावावासा वाटेल असं. “बाबा, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. निरोपाच्या दिवशी तुमच्या हातचा शर्ट घालायचाय.” मास्तर ताठ झाले. गळ्यातला टेप काढून त्यांनी लेकाची छाती, पाठ, बाही मोजली आणि आकडे मोठ्यानं म्हटले. आकडे अगदी बरोबर होते, ह्याचं थोरलीलाही नवल वाटलं. मग त्यांनी कापडाची घडी घातली, वरची सुरकुती तळहातानं साफ केली आणि खडू हातात घेतला.

धाकटा थोरलीच्या मागे स्वयंपाकघरात आला. डोळे ओले होते त्याचे.

“ताई, राग मानू नकोस. मी सकाळपासून बघतोय. बाबा तर ठणठणीत आहेत. थोडं विसरतात, ते ह्या वयात चालायचंच.”

“थोडं?” थोरली म्हणाली.

“त्यांना इथून हलवणं हा अन्याय होईल बघ. काम आहे, टेबल आहे, म्हणून टिकलेत. माझ्या घरी काय करतील, गॅलरीत बसून गाड्या मोजतील? तू थकलीयेस, दिसतंय मला. घरकामाला एखादी बाई ठेव ना.”

थोरली काय सांगणार? ह्याला जे दिसलं ते तिनंच तर मांडून ठेवलं होतं. दाढी तिची, शब्द तिचे, रेघाही तिच्याच. रोज आपल्याच हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होतो, हे तिला चहाच्या आधणाकडे बघताना कळलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“पोरी, झालं गं माझं!” बाहेरून मास्तरांची हाक आली.

“चहा घ्या बाबा, आत या,” ती म्हणाली. बाप-लेक चहा घेऊन आत बसले आणि ती टेबलापाशी गेली. निळ्या कापडावर मास्तरांची पांढरी रेघ होती. सुरेख, सरळ आणि साफ चुकलेली. निम्म्याचं निम्मं. थोरलीनं पुसायला फडकं उचललं. आतून धाकट्याचं हसणं ऐकू येत होतं. तिच्या नखात ठणका लागला होता आणि पापण्या जड झाल्या होत्या. ‘बघायचंय ना तुला? बघ मग,’ ती मनात म्हणाली. तिनं फडकं ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. कशाला हात लावला नाही.

मास्तर बाहेर आले. कात्री उचलली. रेघेकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा जात नव्हता. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तिनं मारली नाही. कात्री चालू लागली आणि तो ओळखीचा करकर आवाज ऐकत ती दोरा ओवत राहिली.

कापून झाल्यावर मास्तरांनी घडी उलगडली आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणे तुकडा लेकाच्या पाठीला लावून पाहिला. कापड एका खांद्यापासून निघालं आणि पाठीच्या मध्यावर संपलं.

“हे कुणाचं, बाबा? माझ्या नातवाचं का?” नातू नसलेला धाकटा हसला. मग त्यानं मान वळवून पाहिलं आणि त्याचं हसू विरलं.

मास्तरांनी तुकडा पुन्हा लावला. पुन्हा ओढला, जसा काही ताणून पुरणार होता. मग ते हळूच थोरलीकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. हात धरून रस्ता ओलांडताना मधेच कुणी हात सोडावा, तसा चेहरा झाला होता.

“पोरी, आज का नाही पुसलीस?”

थोरलीच्या हातातला दोरा पडला.

“काय पुसायचं, बाबा?” धाकट्यानं विचारलं.

“माझी रेघ. रोज पुसते ती. मग स्वतःची मारते.” मास्तर कापडाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, “माझी चुकते. मला कळतं, चुकते. म्हणून तर मी चहा सावकाश पितो. तिला वेळ मिळावा.”

धाकटा मटकन स्टुलावर बसला. बहिणीकडे पाहिलं, तिच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, आणि सकाळपासूनचं सगळं त्याला पुन्हा दिसलं असावं. सरकवलेलं ताट, पुढचा शब्द, वळवलेली पावलं. “ताई, तू बोलली का नाहीस कधी?” एवढंच तो म्हणाला.

थोरली उठून बापापाशी गेली. “दमले हो बाबा,” ती म्हणाली. “फार दमले. म्हणून नाही पुसली.”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ते काहीतरी शोधत राहिले, आणि त्यांना ते सापडलं. “छोट्या,” ते म्हणाले, “मला घेऊन जा तुझ्याकडे. पोरगी दमलीय. झोपू दे तिला.” धाकट्यानं मान हलवली. थोडा वेळ गेला आणि मास्तर टेबलाकडे बघून म्हणाले, “इतकं चांगलं कापड वाया कुणी घालवलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून झाली, औषधं सांगून झाली, गाडी दारात आली. मास्तरांना काल आपण काय बोललो ह्यातलं अक्षरही आठवत नव्हतं. उंबऱ्यापर्यंत ते आले आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. साठ वर्षं कात्री धरलेली बोटं ती, सुटतात कसली!

“पोरी, कुठे पाठवतेस मला? मी काय केलं?”

“काही नाही केलंत बाबा. छोट्याकडे जायचंय. थोडे दिवस.”

“मी पुन्हा नाही चुकणार. नीट मारीन रेघ. हवं तर तूच मार, मी काही बोलणार नाही.” ते रडायला लागले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. “तुझ्या आईला बोलव. ती नाही जाऊ देणार मला.”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं बॅग खाली ठेवली. “ताई,” तो हलकेच म्हणाला, “राहू दे का? मी इथेच थांबतो चार दिवस. मग बघू.”

थोरलीच्या ओठांवर ‘राहू दे’ आलं होतं. नुसते ओठ उघडायचा अवकाश, की मास्तर खुर्चीत, ती मशीनवर, आणि चार दिवसांनी धाकटा गाडीत. हे बापाला कळत नव्हतं, भावालाही नीटसं कळत नव्हतं. कळत होतं एकटीलाच. ती बापाजवळ गेली. त्यांचे डोळे पुसले, आणि चौकटीवरचं त्यांचं एकेक बोट सोडवायला लागली. एक सुटलं की आधीचं पुन्हा धरत होतं. तिनं घाई केली नाही. शेवटी दोन्ही हात सुटले, तेव्हा ते तिनं भावाच्या हातात दिले.

“ने,” ती म्हणाली.

गाडी वळेपर्यंत मास्तर मागच्या काचेतून बघत होते. ती तिथवर उभी राहिली. मग तिनं दाराला आतून कडी घातली आणि कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांवरच आडवी झाली. रडायचं राहिलं होतं. ते उठल्यावर, असं तिनं ठरवलं, आणि ठरवता ठरवताच तिला झोप लागली.