साक्षीदाराचा पत्ता

१९९६ साली कंपनीत टाळेबंदी लागली तेव्हा गेटवर दोनशे कामगार जमले. कुणीतरी दगड मारला, काचा फुटल्या आणि अकरा जणांवर खटला भरला गेला. यवतमाळहून पुण्यात येऊन रेडिओचे भाग जोडणारी जया काळमेघ त्या अकरांतली एक. तिने दगड हातातही धरला नव्हता.

सोळा वर्षं ती तारखांना जात राहिली. तिघे वारले, सात जणांनी कंटाळून कबुली देऊन टाकली. कंपनी पाडून तिथे आयटीवाल्यांची काचेची इमारत उभी राहिली. खटला मात्र हलेना. एकमेव साक्षीदार हवालदार रंगराव निवृत्त झालेले, आणि समन्स दर वेळी एकच शेरा घेऊन परत यायचं : पत्त्यावर आढळला नाही.

मग परदेशी नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीचं, नम्रताचं, बाळंतपण जवळ आलं आणि खटल्यापायी जयाचा पासपोर्ट अडला.

“कबुली द्या, जयाताई,” दिगंबर वकील म्हणाले. “कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. संध्याकाळी मोकळ्या.”

फोनवर नम्रताही म्हणाली, “आई, संपव ना एकदाचं!”

“मी गोटा मारलाच नाई, त कबूल कायले करू?” चिडली की जयाच्या तोंडी गावाकडची बोली यायची.

तिनेच रंगरावांचा शोध घेतला. पोलीस वसाहतीजवळच्या गिरणीवाल्याने सांगितलं, ते वारज्याला मुलाकडे असतात. गॅलरीत पेपर वाचणारा म्हातारा तिने रस्त्यावरूनच ओळखला. पत्ता लिहून घेतला आणि आली तशी परतली.

“बोलला नाहीत त्यांच्याशी?” वकिलांनी विचारलं.

“बोलले असते तर साक्षीदार फितवला म्हणाले असते.”

पुढच्या वेळी न्यायाधीश नवी तारीख सांगू लागले तशी जया उभी राहिली. वकील बसायला खुणावत होते. “साहेब, सरकारला सोळा वर्षांत सापडला नाही तो मला एका दुपारी सापडला. हा पत्ता. बोलवा त्याला माझ्याविरुद्ध. मला दया नको, निकाल हवाय. तो माझा हक्क आहे.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. “आरोपीला पोलिसांत घ्यायला हवं होतं,” ते कोरडेपणाने म्हणाले आणि पंधरा दिवसांनी साक्ष ठेवली.

रंगराव काठी टेकत आले. “यांना दगड मारताना पाहिलंत?” सरकारी वकिलांनी विचारलं.

रंगरावांनी जयाकडे पाहिलं. “गर्दी होती, साहेब. कंपनीच्या माणसाने यादीतली नावं वाचली, मी लिहून घेतली. पाहिलं मी कुणालाच नाही.”

महिन्याभरात जया निर्दोष सुटली; तोवर नम्रताला मुलगी झाली होती. दिगंबर वकिलांनी पेढे आणले. “आता खुशाल नातीला भेटा.”

“भेटेनच. आधी त्या सात जणांचं बघा. कबुली त्यांनी कंटाळून दिली होती. त्यांचं अपील करा.”

“त्यांची मुदत केव्हाच गेली.”

“मुदत?” जया म्हणाली. “सरकारने सोळा वर्षं लावली ती चालली, आणि यांना उशीर झालेला चालत नाही? लिहा अर्ज.”