चेंडू डोक्याला लागला होता

ज्या फुटबॉल क्लबला मी बुडवलं, त्याच क्लबचा मी गेल्या जुलैपासून कोच आहे. इथे का आलो म्हणाल, तर दुसरीकडे कोणी विचारत नव्हतं. प्रायश्चित्त वगैरे थोर विचार डोक्यात नव्हता, उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

एकोणीस वर्षांपूर्वी मी समोरच्या संघाचा बचावपटू होतो. हंगामाचा शेवटचा सामना, शेवटची चार मिनिटं. लीगमध्ये टिकायला यांना एकच गोल हवा होता. त्यांच्या इंगो विचर्टने मारलेला चेंडू मी अगदी गोलरेषेवरून बाहेर काढला, आणि तो हाताने. पंचांना दिसलं नाही. आमच्याकडे अशा वेळी पंच सरळ खेळाडूलाच विचारतात आणि त्याच्या शब्दावर जातात.

"फोल्कर, खरं सांग. हात लागला?"

सरळमार्गी म्हणून माझं नाव होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही. डोकं लागलं."

इंगो खवळला. "हात! हात!" ओरडत त्याने पंचांची कॉलर धरली. लाल कार्ड, सहा महिने बंदी. क्लब खालच्या लीगमध्ये घसरला आणि सगळं खापर इंगोवर फुटलं. त्यानंतर तो धड खेळलाच नाही. मला मात्र त्याच उन्हाळ्यात मोठ्या क्लबने उचललं.

इंगो आता इथेच संघाचे कपडे सांभाळतो. जर्सी धुतो, बुटांचा चिखल काढतो. तो कँटीनमध्ये शिरला की कोणीतरी दंड उंचावून ओरडतोच, "पंच, हात! हात!" माझ्या पहिल्याच दिवशी हे झालं. सगळे हसले. मीही हसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी हसलो.

त्याचे वडील अल्फॉन्स जुने खाणकामगार. दर शनिवारी सामन्याआधी ते माझ्याबरोबर कॉफी प्यायचे. मार्चमध्ये ते गेले. शवपेटीवर क्लबचा निळा-पांढरा गळपट्टा घातला होता. माती टाकताना इंगोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

परवाच्या शनिवारी आमच्या टोर्बेनला पंचांनी तेच विचारलं. तोही बचावपटू, तिशीचा, दोन पोरांचा बाप. गडी सरळ म्हणाला, "हो, लागला." समोरच्यांना पेनल्टी मिळाली, आमचा सामना गेला. कँटीनमध्ये बिअर ओतता ओतता लोक त्याला सोलायला लागले.

"संत टोर्बेन आले रे! पाद्रीच व्हायचं होतंस, बूट कशाला घातलेस?"

"कोच, तूच सांग याला. तू असतास तर असं केलं असतंस?"

टोर्बेन मान खाली घालून बसला होता. मला ते बघवेना. मी उभा राहिलो.

"नसतं केलं," मी म्हणालो. "केलं नव्हतंच. त्या दिवशी चेंडू माझ्या हाताला लागला होता. इंगो खरं बोलत होता."

इंगो ओल्या जर्सींची टोपली घेऊन दारातच उभा होता.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "मी दोन पावलांवर होतो." त्याने टोपली खाली ठेवली. "पण बाबांना शेवटपर्यंत मीच खोटारडा वाटलो. तुझ्याजवळ ते कधी काढायचे का रे तो विषय?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"एकदा. डिसेंबरमध्ये. म्हणाले, माझ्या पोराने तुझ्यावर खोटा आळ घेतला. तुझ्या वतीने त्यांनी माझी माफी मागितली."

"आणि तू काय म्हणालास?"

सगळी कँटीन ऐकत होती.

"म्हणालो, जाऊ द्या अल्फॉन्स. मी त्याला केव्हाच माफ केलंय."