काळा राहिलेला फ्लास्क

“वाचा आणि सही करा,” म्हणत हेमचंद्र सरांनी कागद पुढे सरकवला. मालनबाईंनी चष्मा पदराने पुसला आणि कागद दोनदा वाचला. काचसामान नीट न धुतल्याने संशोधनाचं नुकसान झालं, ही चूक मला मान्य आहे, असं त्यात होतं. परळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं फ्लास्क धुतलेल्या बाईला निवृत्तीच्या तीन महिने आधी हे बक्षीस.

“सही नाय करणार, सर,” त्या म्हणाल्या.

भानगड अशी होती. तिथे नूपुर नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. तिने बनवलेल्या रंगद्रव्यावर उजेड पडला की रेणूच्या एका टोकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाकडे पळायचा आणि रंग काही चमकायचा नाही. जस्ताचा आयन येऊन बसला की ती पळापळ बंद, आणि रंग हिरवागार चमकायचा. “जस्त म्हणजे दारात पाट टाकून बसलेली आजी, मालनताई. कोणाला हलूच देत नाही,” असं तिने चहा पिताना समजावलं होतं. पण गेले पंधरा दिवस जस्त न घालताच फ्लास्क चमकत होते. जस्त कुठून तरी शिरत होतं. कुठून, हे शोधायचे कष्ट सरांनी घेतले नाहीत. धुणारीचे हात समोर होतेच.

मालनबाईंचे वडील कोंडीराम लालबागच्या गिरणीत रंगखात्यात होते. एकदा ताग्यांवर डाग पडले. दोष पाण्याचा होता, पण न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा त्यांचा घेतला गेला. पुढे मरेपर्यंत, कुणी त्यांच्या हातांकडे पाहिलं की ते मुठी मिटून घ्यायचे. त्या मुठी आठवल्या आणि मालनबाईंचं डोकं सणकलं.

साबण, आम्ल, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर, यात त्यांनी कधी अंगचोरी केली नव्हती. बदललं होतं ते एकच. पंधरा दिवसांपूर्वी सरांनी मागवलेली नवी काळी रबरी बुचं आली होती. उद्या सगळ्यांसमोर दाखवते, असं सांगून त्या सरळ घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः धुतलेले दोन फ्लास्क मांडले. नूपुरने दोन्हींत रंग ओतला. एकाला नवं रबरी बूच, दुसऱ्याला जुनं काचेचं. दोन्ही हलवून उलटे ठेवले. चार वाजता पडदे ओढून दिवा लावला. रबरी बुचाचा फ्लास्क हिरवा पेटला. काचेच्या बुचाचा काळा तो काळाच.

नूपुर हळूच म्हणाली, “रबरात जस्त असतं, सर. मीच विसरले.”

सरांनी घसा खाकरला. बुचं परत पाठवू, विषय संपला, असं म्हणत ते कागद फाडायला लागले.

“फाडू नका, सर. माझ्या नावाचा आहे.”

मालनबाईंनी तो ओढून घेतला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘मान्य नाही. दोष नव्या रबरी बुचांचा.’ संपूर्ण नाव घालून सही केली.

“आता लावा फाईलला,” त्या म्हणाल्या. शाई वाळेपर्यंत त्यांनी दोन्ही हात कागदाशेजारी टेबलावर ठेवले, तळवे वर करून, उघडे.