सिराक्यूजला अकरा जण

शनिवारी सकाळी साडेदहाला फोन टिंग वाजला आणि अनुयाचं डोकं फिरलं ते फिरलंच.

ती ओट्याशी उभी राहून पोह्यांवर लिंबू पिळत होती. फोनवर बघते तर काय, ‘सिसिली धमाका’ नावाच्या ग्रुपमध्ये कुणीतरी तिला घातलेलं. कुणीतरी म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्यानं! मेंबर अकरा. पहिलाच मेसेज नितीशच्या बायकोचा, प्राचीचा : ‘वहिनी, राइस कुकर तुमचा घ्यायचा की माझा? माझा आठ कपांचा आहे.’

अनुयानं तो तीनदा वाचला. इटलीतल्या सिसिली बेटावर ती आणि मकरंद जाणार होते. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून, दोघंच; लेक जुई तिच्या मैत्रिणीकडे राहणार होती. मग हा कुकर कुठून उगवला? आणि आठ कपांचा भात गिळणार कोण?

मकरंद मागच्या अंगणात लॉन कापत होता. अनुया जँडल्स, म्हणजे न्यूझीलंडच्या रबरी चपला, पायात सरकवून तरातरा बाहेर गेली आणि तिनं सरळ मशीनच बंद केलं.

“हे काय आहे?”

मकरंदनं फोनकडे बघितलं, मग गवताकडे बघितलं. “अगं हां, सांगणारच होतो. सरप्राइज!”

“सरप्राइज? माझ्या अंगावर नऊ माणसं आणून टाकलीस, हे सरप्राइज?”

“अगं, गेल्या रविवारी हॅगली पार्कात बार्बेक्यू होता ना, तेव्हा विषय निघाला. बेबीताई म्हणाल्या, वा वा, छान जाऊन या. मग मी म्हटलं, चला की तुम्हीपण. असं म्हणतोच ना आपण?”

“म्हणतो! जेवायला या म्हणतो, चहा घेऊन जा म्हणतो. लग्नाच्या वाढदिवसाला चला म्हणत नाही, मकरंद!”

“मला काय माहीत ते सोमवारी खरंच रजा टाकतील! मग नितीशनं ऐकलं, मग शुभमनं. त्याची सासू इकडे आलीच आहे, तिला एकटं कसं ठेवणार? आता एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणू?”

“तोंडानं! नाही म्हणायला तोंड लागतं फक्त!”

शेजारच्या ग्रॅहॅमनं कुंपणावरून ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करायला वर काढलेलं डोकं पुन्हा खाली घेतलं. शहाणा माणूस.

मकरंदला वाटलं, आता आपलं एक्सेल दाखवलं की ही शांत होईल. त्यानं उत्साहानं फोनवर शीट उघडली. सगळ्या दिवसांना वेगवेगळे रंग दिले होते. सोमवारी एटना ज्वालामुखी, केबल कार. मंगळवारी आणि बुधवारी नितीशच्या मुलांसाठी वॉटर पार्क, टॉग्ज (पोहण्याचे कपडे) विसरू नयेत. आणि गुरुवारी, फिकट जांभळ्या रंगात : ‘सिराक्यूज, अकरा ते एक, फोटो स्टॉप.’

अकरा ते एक.

अनुयाच्या कानात नुसतं सूंऽऽ झालं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सिराक्यूजमध्ये? तर ऐका. अनुया स्ट्रक्चरल इंजिनिअर. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर ख्राइस्टचर्चमध्ये तिनं हेल्मेट घालून महिनेच्या महिने पडक्या इमारती तपासल्या होत्या. ही पाडा, ती पाडा, हिला लाल स्टिकर लावा. शंभर-सव्वाशे वर्षांची दगडी चर्चं तिच्या डोळ्यांसमोर गेली. संध्याकाळी घरी यायची तर घरी पाणी नाही, अंगणात एक पोर्टेबल संडास. अशाच एका दिवशी ती पायरीवर बसून म्हणाली होती, “मक्या, मी आयुष्यभर पडलेलंच बघणार का रे?” तेव्हा त्यानं कुठूनतरी शोधून तिला सिराक्यूजच्या कॅथेड्रलचा फोटो दाखवला. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक देऊळ, त्याचे खांब तसेच भिंतीत ठेवून पुढे चर्च बांधलेलं. सोळाशे त्र्याण्णवच्या भूकंपात दर्शनी भाग कोसळला, पण ते खांब उभेच. “तुला घेऊन जाईन,” असं तो म्हणाला होता.

मग जुई झाली, घर झालं, आईबाबांची आजारपणं झाली. चौदा वर्षं गेली. पण अनुयानं या सहलीची वही केली होती. पहिल्या दिवशी खांब, सकाळच्या उन्हात आणि संध्याकाळच्या उन्हात, दोनदा. दुसऱ्या दिवशी ऑर्टिजियाच्या, म्हणजे तिथल्या जुन्या गावाच्या गल्ल्या, नकाशाशिवाय. तिसऱ्या दिवशी ते डोंगरात कोरलेलं ग्रीक थिएटर, सगळ्यात वरच्या पायरीवर, कुणाशीही न बोलता. कुणाशीही म्हणजे मकरंद सोडून.

“दोन तास,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मकरंद घाबरला. “बसमधून उतरायचं, शुभमच्या सासूला संडास शोधून द्यायचा, फोटो काढायचा आणि भात लावायला परत. हो ना?”

“तू थोडं ॲडजस्ट…”

“वीस वर्षं तेच केलं! आता नाही करत. पोह्याचा चमचासुद्धा ॲडजस्ट करणार नाही मी!”

दारात जुई उभी होती, हातात टोस्ट. “डॅड,” ती म्हणाली, “दॅट्स सो नॉट ओके.” आणि आत निघून गेली. मकरंदच्या बाजूनं घरात कुणी उरलं नाही.

“बरं, बरं. कॅन्सल करतो,” तो पुटपुटला. “सांगतो काहीतरी.”

“काहीतरी नाही. फोन करायचा, माझ्यासमोर, स्पीकरवर.”

दोघं स्वयंपाकघरात आले. पोहे गार झाले होते. मकरंदनं आधी नितीशला लावला. “अरे नितीश, थोडा घोळ झालाय. अनुयाला रजा मिळत नाहीये, ऑफिसमध्ये…”

अनुयानं त्याच्या हातातून फोन ओढून बंदच केला.

“माझ्या नावावर? स्वतःला नाही म्हणता येत नाही म्हणून माझी रजा? लाज वाटते का तुला माझ्याबरोबर एकट्यानं जायची?”

“तसं नाही गं!” मकरंदचे कान लाल झाले होते. “पण असं कसं सांगायचं लोकांना? आम्हाला दोघांनाच जायचंय, असं? बेबीताई माझ्यापेक्षा केवढ्या मोठ्या आहेत. काय वाटेल त्यांना?”

अच्छा. म्हणजे हे होतं! घोड्याएवढा माणूस, केस पिकले, आणि बायकोबरोबर एकटं फिरायला जायचंय हे चारचौघांत बोलायची चोरी! अनुयाला हसू यायला हवं होतं, पण तिला आणखीनच राग आला. तिनं स्वतःच बेबीताईंचा नंबर लावला आणि फोन त्याच्यासमोर आपटल्यासारखा ठेवला.

“हां, बोला मकरंद! थालीपिठाची भाजणी मी घेतलीय बरं का, अडीच किलो.”

मकरंद फोनकडे वाकला. “बेबीताई, ते… सिसिलीचं.” त्यानं अनुयाकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी, भुवईसुद्धा हलली नाही. “मी तुम्हाला नुसतं तोंडदेखलं चला म्हटलं होतं. चूक झाली माझी. मला… मला अनुयाबरोबर जायचंय. आम्हाला दोघांनाच.”

मकरंदनं डोळे मिटून घेतले.

“अहो संभाजी!” बेबीताई तिकडेच कुणावर तरी ओरडल्या. “ऐकलंत का? असं बोलतात बायकोबद्दल! अडतीस वर्षांत एकदा तरी सुचलं का तुम्हाला?” मग फोनमध्ये, “मकरंद, आधी बोलायचं होतं हो. केवढी भाजणी दळली मी! अनुयाला म्हणावं, आम्ही मेलबर्नला भाचीकडे जाऊ. आणि रागावलीय ना ती? रागावायलाच पाहिजे.” फोन बंद झाला.

मकरंद हसला, सुटल्यासारखा. त्यानं अनुयाच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला.

अनुया एक पाऊल मागे सरली.

“अजून दोन आहेत,” ती म्हणाली. “शुभम राहिलाय. पण आधी नितीशला परत लाव. खरं सांग.”